सातची कडी

आमच्या अभ्यासिकेत जागा धरायची ती पाण्याच्या बाटलीने. वही ठेवली तर कुणीतरी सरकवायचं, दप्तर ठेवलं तर उचलून खाली ठेवायचं. पण भरलेल्या बाटलीला कोणी हात लावत नसे. हा नियम कोणी केला ते कुणालाच माहीत नव्हतं. मी आले तेव्हा तो होता, आणि मीही दुसऱ्याच दिवशी बाटली घेऊन आले.

ही अभ्यासिका कर्जतमध्ये, भाताच्या एका गिरणीच्या वरच्या मजल्यावर आहे. गिरणीच्या मालकांनी वडिलांच्या आठवणीसाठी तो हॉल स्पर्धा परीक्षांच्या मुलांना फुकट दिला. बाकं, ट्यूबलाइट, तीन पंखे दिले आणि सांगितलं, कारभार तुमचा तुम्ही बघा. खाली गिरणी सुरू झाली की वर बाकावरचं पेन आपोआप सरकायला लागतं. जिन्यातून कोंडा वर येतो आणि दारापाशी बसणाऱ्यांच्या केसांत, वहीत, डब्यात जातो. त्यामुळे जागांचे तीन दर्जे होते. पंख्याखालची बाकं पाच-पाच, सहा-सहा वर्षं परीक्षा देणाऱ्या सीनियर मुलांची. त्यांच्या बाटल्या संध्याकाळी घरीही जात नसत. खिडकीची बाकं त्यांच्या मित्रांची. उरलेले आम्ही जिन्यावाले.

मी घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि चारचौघांत गप्प अशी वाढले. बारा वर्षं इंग्रजी शाळेत काढल्यामुळे मराठी पुस्तक वाचताना माझं बोट ओळीखालून फिरायचं. ते कुणाला दिसू नये म्हणून मी डाव्या हाताने आडोसा करायचे. पहिल्या आठवड्यात तो आडोसा बाजूला करून एका मुलीने विचारलं, "काय लपवतीस गं? डब्यात मच्छी हाय काय?"

ती खालापूरच्या पलीकडच्या एका गावातून यायची. तिची आई पहाटेच एका फार्महाऊसवर कामाला जायची. मग घरचं पाणी, भाकऱ्या, दोन लहान बहिणींची शाळा हे सगळं उरकून ही एसटी पकडायची, खोपोलीला गाडी बदलायची आणि साडेनऊला गिरणीच्या जिन्यात उभी राहायची. तोवर जिन्याजवळचीही बाकं भरलेली असत. मी माझ्या बाकावर तिच्यासाठी दुसरी बाटली ठेवायला लागले. तिने मला मराठीतून इतिहास वाचायला शिकवलं, मी तिला इंग्रजीचे उतारे सोडवायला. हिशोब बरोबरीचा नव्हता. ती मला जास्त शिकवत होती, कारण तिला शिकवताना माझ्यावर हसता यायचं आणि मला ते चालायचं.

शनिवारी दुपारी तीन वाजता गटचर्चा असायची. एकाने एक विषय समजावून सांगायचा. माझ्या वाट्याला फ्रेंच राज्यक्रांती आली. शाळेत मला त्या विषयात सर्वांत जास्त गुण होते; सनावळ्या, कारणं, परिणाम सगळं तोंडपाठ, पण इंग्रजीत. शनिवारी मी उभी राहिले, "फ्रान्समध्ये त्या वेळी समाज तीन वर्गांत..." एवढं बोलले आणि पुढचा मराठी शब्दच सापडेना. पंख्याखालून कोणीतरी म्हणालं, "नेटवर्क गेलं."

ती माझ्या शेजारून उठली. आठवडाभर मी तिला हेच समजावलं होतं. म्हणाली, "मी सांगते. पहिला वर्ग धर्मगुरूंचा, दुसरा सरदारांचा. ते पंख्याखाली. त्यांना कर नाय, काय नाय. तिसऱ्या वर्गात बाकी सगळा देश. तो जिन्यात, कोंडा खात. सभा भरली तरी मत माणशी नाय, वर्गाला एक. म्हणजे पंखेवाले दोन आणि आमी एक. कितीबी जण असू, हरणार आमीच."

सगळे हसले. सीनियरही हसले. मलाही हसू आलं, आणि आपलं काम तिने केलं याचं बरं वाटलं.

पण हसून झाल्यावर एक मुलगा म्हणाला, "मग त्यांनी काय केलं?"

सोमवारी जिन्यावाले सगळे पहाटे आले. पंख्याखालच्या बाटल्या उचलल्या आणि जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक करून ओळीने मांडल्या. ती साडेनऊला आली तेव्हा त्या ओळीतून वाट काढत वर आली आणि म्हणाली, "बास्टिल पडलं वाटतं. कैदी किती निघालं?" सात निघाले होते. पॅरिसच्या खऱ्या बास्टिल तुरुंगातही सातच कैदी होते, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की खालून गिरणीवाले काका बघायला आले.

त्या दिवशी ठरलं की कोणतीही जागा कोणाची नाही. दर सोमवारी चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याला जी जागा येईल ती आठवडाभर त्याची, मग तो सहाला येवो की साडेनऊला. हे शेवटचं वाक्य तिने घालायला लावलं. पहिल्याच चिठ्ठीत तिला पंखा आला. आठवडाभर ती मधूनमधून मान वर करून पंख्याकडे बघायची.

त्यानंतरचे दोन महिने सरसकट वाईट होते असं म्हणायचा मोह मला होतो, कारण त्याने माझं पुढचं वागणं जरा बरं दिसतं. पण ते खरं नाही. पहिले तीन आठवडे फार छान होते. पहिल्यांदाच सगळे सगळ्यांना नावाने ओळखू लागले.

मग सभा वाढल्या. चिठ्ठ्या कोणी टाकायच्या यावर सभा, मोबाइलवर यावर सभा, सभा किती वेळ चालावी यावरही सभा. कोणीतरी अजून चोरून जागा धरतं असा संशय आला, म्हणून पाच जणांची समिती झाली. जागा धरणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहायचं. तीही समितीत होती. एकदा बत्तीस-तेहतीस वर्षांचा एक सीनियर बाटली ठेवून खाली तोंड धुवायला गेला, तेवढ्यात त्याचं नाव फळ्यावर चढलं. वर येऊन त्याने ते वाचलं, पुस्तकं पिशवीत भरली आणि गेला. पुन्हा आलाच नाही. त्याचा परीक्षेचा तो शेवटचा प्रयत्न होता, हे आम्हाला नंतर कळलं. ती दोन दिवस फळ्याकडे फिरकली नाही. मग मला म्हणाली, "चूक झाली गं. पण ती चूक कुणाला सांगायची? समिती आमीच."

तिला निदान चूक म्हणता आली.

पूर्व परीक्षा जवळ येत होती आणि अभ्यास कोणाचाच होत नव्हता. त्याच सुमारास एक फौजी आले. सतरा वर्षं सैन्यात नोकरी करून निवृत्त झाले होते आणि माजी सैनिकांच्या राखीव जागेसाठी परीक्षा देणार होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ते जिन्याजवळच्या बाकावर बसले, पाठ सरळ ठेवून वाचू लागले, आणि आठवडाभर एकाही सभेला उठले नाहीत. एकदा दोन मुलं चार्जिंगच्या सॉकेटवरून हातघाईवर आली. दादा पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले, "बसा." दोघंही बसली. पुढचा तासभर पान उलटल्याचा आवाज ऐकू येत होता. तो तास मला अजून आठवतो. मला त्या शांततेची भूक लागली होती.

पुढच्या सभेत पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. मी कोणत्याही सभेत कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. मी म्हणाले, "दादांना सांगूया का? परीक्षेपर्यंत."

एवढंच. अभ्यासिकेच्या सगळ्या सभांमधलं माझं ते एकमेव वाक्य.

आणि ते बोलताना मला माहीत होतं. हेच मला कुणाला सांगता आलेलं नाही. क्रांतीचा पुढचा भाग मी शाळेत पाठ केला होता. भांडणांना कंटाळलेल्या पुढाऱ्यांनीच सेनापतीला बोलावलं. त्यांना वाटलं, तलवार वापरू आणि मग म्यानात ठेवू. पॅरिसबाहेरच्या राजवाड्यात सभा भरवली, शिपाई संगिनी घेऊन आत शिरले आणि प्रतिनिधींनी आपले लांब झगे सावरत खिडक्यांतून उड्या टाकल्या. शाळेत या खिडक्यांच्या गोष्टीवर आम्ही हसायचो. हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि मी हळू आवाजात "परीक्षेपर्यंत" म्हणाले.

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी ती टाळ्या वाजवत नव्हती, पण हसत होती. "बोललीस की गं," म्हणाली. मी बोलले याचाच तिला आनंद झाला होता.

दादा वाईट नव्हते. ते सर्वांत आधी येऊन स्वतः झाडू मारायचे. जिन्याच्या दाराला त्यांनी गोणपाटाचा पडदा लावला, त्याने निम्मा कोंडा थांबला. मोबाइल खोक्यात, सभा बंद, जागा त्यांनी नेमून द्यायच्या. फळ्यावरची नावं पुसून त्यांनी तिथे परीक्षेला उरलेले दिवस लिहिले. माझं अक्षर बघून त्यांनी मला बोलावलं. "मॅडम, तुमचं अक्षर छापल्यासारखं हाय. नियम तुमी लिहा."

मी पांढरा कार्डशीट आणला, पट्टीने ओळी आखल्या. दादा सांगत होते, मी लिहीत होते. चौथा नियम होता: दार सकाळी सात वाजता बंद होईल, नंतर आलेल्यांना दुपारी एकपर्यंत प्रवेश नाही. "सात" लिहिताना माझा हात थांबला. दादांनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं आणि लिहिलं. ते अक्षर बाकीच्या अक्षरांइतकंच चांगलं आलं.

पहिल्या दिवशी ती साडेनऊला आली आणि दार वाजवलं. दादा उठले, दार फटीएवढं उघडून तिच्याशी बोलले. आत आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"दादा, माझी गाडीच नऊशिवाय पोचत नाय. घरचं करून यावं लागतं."

"आधीची गाडी?"

"ती पाचची. तवा पोरींना कोण बघणार?"

"ताई, मला समजतं. पण एकाला सोडलं तर उद्या दहा उभे राहतील. नियम सगळ्यांना सारखा."

"सारखा हाय, पण आमी सारखं नाय ना."

दादांनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "दुपारी एकला या." दार लागलं. कडी पडल्याचा आवाज झाला.

ती परत गेली नाही. खालच्या पायरीवर बसून वाचू लागली. दादांनी मला मागच्या खिडकीजवळची जागा दिली होती, आणि त्या खिडकीतून जिन्याचा खालचा भाग दिसतो. गोणपाटाच्या पडद्यामुळे आत न येणारा कोंडा आता जिन्यातच साचायचा. ती दर थोड्या वेळाने वही उचलून झटकायची. एक वाजता आत यायची, चारला परत निघायची, कारण बहिणी शाळेतून घरी येत. म्हणजे तिला पंख्याखाली नाही, साध्या बाकावर मिळायचे तीन तास.

चौथ्या-पाचव्या दिवशी डबा खाताना ती म्हणाली, "तू बोल ना त्यांच्याशी. तुझं ऐकतील. मॅडम म्हणतात तुला."

"बोलते."

"आज?"

"हो, बोलते गं."

मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला भीती होती असं मी स्वतःला सांगायचे, लाजाळू माणसाला ते सोपं असतं. पण दादांची भीती वाटण्यासारखं काही नव्हतं. मी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून तरी घेतलं असतं. खरं कारण वेगळं होतं. माझा अभ्यास चालला होता. सात ते एक मला कोणी हलवत नव्हतं, हसवत नव्हतं, मच्छीचा डबा विचारत नव्हतं. एका सकाळी ती खाली दिसली तेव्हा मी खिडकीचं एक दार लोटून घेतलं. ऊन डोळ्यांवर येत होतं हेही खरं होतं.

दादांनी शनिवारची चर्चा तेवढी ठेवली होती, पण ती आता चारनंतर व्हायची. ते म्हणाले, "मॅडम, फ्रान्सचं पुढचं राहिलं ना? सांगा." या वेळी मी थांबले नाही. तिने शिकवलेल्या मराठीत, तिच्यासारखी साधी वाक्यं करून, मी पाऊण तास बोलले. महागलेला पाव, समित्या, एकमेकांवरचे आरोप, गिलोटिन, दमलेले लोक, सेनापती. चार वाजून गेले होते, म्हणून ती नव्हती.

दादांनी विचारलं, "म्हणजे तो आल्यावर देश शांत झाला ना?"

"हो. झाला."

"कायदे केले?"

"चांगले केले. अजून चालतात."

"मग?"

ते टोमणा मारत नव्हते, त्यांना खरंच ऐकायचं होतं. मी सांगू शकले असते की त्याने लोकांचं मत घेतलं ते उघड्या वहीत, नाव आणि सही घालून. नाही म्हणणाऱ्याचं नाव सगळ्यांना दिसायचं. पुढे तो सम्राट झाला आणि दहा वर्षं त्या देशातली पोरं लढायांत मेली. शांतता कुणाच्या जिवावर होती, हे सांगू शकले असते. मी म्हटलं, "मग काही नाही. वेळ संपली."

पूर्व परीक्षा झाली. "परीक्षेपर्यंत" संपलं. दादांनी स्वतःहून विषय काढला. "मी जबरदस्ती करणार नाय. मुख्य परीक्षेपर्यंत असंच ठेवायचं का, तुमी ठरवा. कागद लावू. हो किंवा नाही, खाली सही." कागद अर्थात मी आखला. डावीकडे हो, उजवीकडे नाही. उघडी वही मी स्वतःच्या हाताने तयार केली, आणि दादांच्या टेबलाशेजारी चिकटवली.

माझी सही आठवी होती. डावीकडे. कोणी आग्रह केला नव्हता. मी रांगेत उभी राहिले, पेन पुढून मागे येत होतं, ते माझ्या हातात आलं.

एक वाजता ती आत आली. तिने पिशवी ठेवली, कागदासमोर उभी राहिली आणि सह्या वरून खाली वाचू लागली. तिचं बोट ओळीखालून फिरत होतं, माझं फिरायचं तसं. आठव्या ओळीवर थांबलं. मी पुस्तकात बघत होते, तरी मला ते दिसलं. मग तिने उजवीकडे सही केली. त्या रकान्यातली ती पहिली आणि शेवटची.

डबा तिने माझ्याबरोबरच खाल्ला. निम्मा झाल्यावर म्हणाली, "ओळी किती सरळ आखल्यास गं."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी फोन केला नाही. आठवडा गेल्यावर फोन करायला कारण लागणार होतं, आणि महिना गेल्यावर त्याहून मोठं. पूर्व परीक्षेच्या निकालात माझा क्रमांक होता. तिचा मी शोधला नाही. तिचा बैठक क्रमांक मला पाठ होता, म्हणून शोधला नाही.

मुख्य परीक्षेच्या अर्जासाठी मला एक दाखला हवा होता. कर्जतला मशीन बंद होतं, म्हणून कोणीतरी खालापूरच्या एका सेवा केंद्रात जायला सांगितलं. गाडी खोपोलीत अडकली, मी पोचले तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते. केंद्राचं शटर अर्धं खाली होतं. बाहेर पाटी होती: अर्ज दोनपर्यंतच. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. मी वाकून आत बघितलं आणि काउंटरमागे ती बसली होती. हेडफोन कानात, समोर कागदांचा गठ्ठा.

मला परत जावंसं वाटलं. दाखला, परीक्षा, सगळं सोडून. तेवढ्यात तिने वर बघितलं.

"दोननंतर घेत नाय आमी," ती म्हणाली. मग उठली, शटर हाताने वर ढकललं. "ये आत. डोकं सांभाळ."

तिने कागद तपासले, एक झेरॉक्स कमी होती ती स्वतःच काढली, नाव टाइप केलं. कामापुरतं बोलत होती. मी घरून निघताना काही ठरवून आले नव्हते, पण त्या दहा मिनिटांत मी एक वाक्य जुळवलं. मराठीत, तिच्यासारखं साधं. ते जिभेवर आलं आणि तिने अर्ज माझ्यापुढे सरकवला.

"इथं सही."

मी सही केली. तिने ती जरा वेळ बघितली.

"अजून जिन्यात तेवढाच कोंडा येतो का गं?"

साधा प्रश्न होता. मी उत्तर शोधलं आणि मला ते माहीत नव्हतं. रोज सातच्या आत मी त्या जिन्याने वर जात होते, तेव्हा गिरणी सुरू झालेली नसायची, आणि संध्याकाळी उतरायचे तेव्हा बंद झालेली असायची.

"माहीत नाही," मी म्हणाले.

ती "हं" म्हणाली आणि पावतीवर शिक्का मारला. मी बाहेर आल्यावर तिने शटर पुन्हा अर्ध्यावर आणलं. पूर्ण नाही. रस्त्यापलीकडून एक म्हातारे गृहस्थ हातात पिशवी घेऊन लगबगीने येत होते, त्यांच्यासाठी असावं. मी जुळवलेलं वाक्य अजून माझ्याजवळच आहे.